20/25 च्या सुट्या भागांसाठी इंग्लंडवारी

आमच्या घरची 1934 ची रोल्स-रॉइस 20/25 सध्या कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या मेस्त्रींच्या शेडमध्ये चार ठोकळ्यांवर उभी आहे. आजोबांनी ती मुंबईत एका पारशी कुटुंबाकडून घेतली. वडिलांच्या हयातीत ती बंद पडली, आणि दुरुस्त करायची हे मात्र घरात कायम ठरलेलं होतं. मेस्त्रींनी इंजिन खोललं तेव्हा आजार कळला. 20/25 चं इंजिन सरळ सहा सिलिंडरचं, 3669 सीसीचं. बिडाचा ब्लॉक, त्यावर सिलिंडर झाकणारं बिडाचंच सुटं हेड. त्या हेडात दोन व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद जागेत तडा होता. पूर्वी कुणीतरी वेल्डिंग मारून तो बुजवला होता. बीड एकाच जागी तापवलं की आजूबाजूचा थंड भाग त्याला ओढतो आणि निवताना ते दुसरीकडे फाटतं. तसंच झालं होतं: जुन्या तड्याच्या शेजारी नवा, पाण्याच्या जाकिटापर्यंत पोचलेला.

शिवाय पाण्याच्या वाटेवरचं ॲल्युमिनियमचं एक ओतीव झाकण गंजून चाळण झालेलं. डाव्या दिव्याची काच नाही. ठिणगी देणारा राखीव मॅग्नेटो गायब. ही यादी घेऊन आम्ही निघालो. मेस्त्रींचं वय सत्तरीच्या पुढचं. त्यांना सोबत नेण्याचं कारण साधं: काय घ्यायचं हे मी पुस्तकं वाचून सांगू शकतो, काय घ्यायचं नाही हे तेच सांगू शकतात. विमानात चढताना त्यांच्या पिशवीत मापं घ्यायचा व्हर्निअर होता, तो सुरक्षा तपासणीत दोनदा उलटसुलट करून पाहिला गेला. आट्यांचं गेज मी आधीच मोठ्या बॅगेत टाकलं होतं.

बुधवार : लंडन

उतरलो लंडनजवळच्या स्लावला, मावसबहिणीकडे. गणपती नुकतेच बसले होते. तिच्याकडे दीड दिवसाचा असतो, पण आम्ही येणार म्हणून उकडीचे मोदक वेगळे ठेवले होते. मेस्त्रींनी जेवून हात धुतले आणि म्हणाले, "दादा, दुकान कुठं हाय त्याचं? आधी ते बघू."

दुकान म्हणजे 14-15 कंड्युइट स्ट्रीट. रोल्स-रॉइसची लंडनमधली शोरूम अनेक दशकं इथे होती. आता तिथे दुसरीच दुकानं आहेत. पाहण्यासारखं फार नाही, दहा मिनिटांत पाहून होतं. पण त्या फुटपाथवर उभं राहून मी मेस्त्रींना एक गोष्ट नीट सांगू शकलो, जी शेडमध्ये सांगताना नेहमी अर्धवट राहायची. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस गाडी विकतच नव्हती. ती विकायची चासिस: इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर, बल्कहेड. ती चासिस गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडे, म्हणजे बॉडी बांधणाऱ्याकडे पाठवायचं. हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली, गर्नी नटिंग अशी ती घराणी. ते ॲश लाकडाचा सांगाडा बांधायचे, त्यावर हाताने ठोकलेले ॲल्युमिनियमचे पत्रे चढवायचे. म्हणून 1929 ते 1936 या काळात 20/25 च्या 3827 चासिस निघाल्या, तरी एकीचं दार दुसरीला बसेल याची खात्री नाही. इंजिनाचा भाग शोधता येतो. बॉडीचा भाग शोधून मिळत नाही, तो बनवावाच लागतो.

मेस्त्रींना हे हातांनी आधीच कळलेलं होतं. आमच्या गाडीच्या मागच्या खांबात ॲशच्या जागी सागवान घातलेलं त्यांनीच काढून दाखवलं होतं. हिंदुस्थानात आलेल्या बहुतेक गाड्यांचं हेच झालं. वाळवीने ॲश खाल्लं की सुतार हाताशी असलेलं सागवान लावायचा. सागवान टिकतं, पण तेलकट असल्याने सरस नीट धरत नाही, आणि ॲशसारखं वाफेवर वळत नाही, रस्त्याच्या हादऱ्याबरोबर लवतही नाही. मग सांधे ढिले होतात आणि दार कुरकुरतं.

गुरुवार : हंट हाऊस

नॉर्दम्प्टनशायरमध्ये टोस्टर गावाजवळ पॉलर्सपरी नावाचं खेडं आहे. तिथल्या हंट हाऊसमध्ये रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबचं मुख्यालय आहे. क्लब 1957 चा. सर हेन्री रॉइस यांच्या नावाच्या स्मारक संस्थेचा दप्तरखानाही इथेच. ज्याच्याकडे युद्धापूर्वीची रोल्स-रॉइस आहे, त्याने आयुष्यात एकदा तरी इथे यावं असं मला मनापासून वाटतं. कारण इथे प्रत्येक चासिसची कागदपत्रं जपून ठेवली आहेत.

आधी पत्रव्यवहार करून आमच्या चासिसची फाईल काढून ठेवायला सांगितलं होतं. टेबलावर ती उघडली. जाडसर कार्ड, टंकलिखित आणि हाताने भरलेलं. चासिस टेस्टवर कधी गेली, कधी उतरली. बॉडी कुणाची: थ्रप अँड मेबर्ली. स्टिअरिंगच्या दांड्याचा कल किती. स्प्रिंगा किती माणसं आणि किती सामान धरून बनवायच्या. इंजिनाचा नंबर. तो मेस्त्रींनी वहीत लिहून आणला होता. दोन अक्षरं, मधे आकडा, तंतोतंत जुळला. म्हणजे इंजिन मूळचंच. गेली कैक वर्षं आमच्याकडे येणारा प्रत्येक जाणकार "इंजिन बदललेलं असणार" असं म्हणून जायचा. तो विषय त्या टेबलावर मिटला.

स्प्रिंगांची नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. आमची गाडी मागून जरा उंच बसते. त्यावर उपाय म्हणून एका कारागिराने दोन पानं काढून टाकायला सुचवलं होतं. कार्डावर स्पष्ट लिहिलेलं: मागे जड सामान धरून स्प्रिंगा. हिंदुस्थानात दौऱ्यावर जाणाऱ्या माणसाची गाडी. ट्रंका, बिछाने, नोकर, सगळं मागे. रिकामी असताना ती उंच बसणारच. मेस्त्रींनी हे ऐकून मान हलवली. "म्हंजे पानं हाईत तशीच ऱ्हाऊ द्यायची. चामड्याची खोळ तेवढी नवी शिवू." या गाड्यांच्या स्प्रिंगांच्या पाट्यांवर चामड्याची खोळ असते, आत तेल-ग्रीस राहावं आणि धूळ जाऊ नये म्हणून. कोल्हापुरात चामड्याचं काम करणाऱ्यांची वाण नाही.

रंगाची नोंद मात्र कार्डावर नव्हती. रंग कोचबिल्डर द्यायचा, त्यामुळे तो त्याच्या वहीत जायचा. मूळ रंगाचा पुरावा आमच्याकडे वेगळा आहे: दाराच्या बिजागरीखाली, जिथे नंतरच्या कुठल्याही रंगाऱ्याचा ब्रश पोचला नाही, तिथे गडद निळा थर मेस्त्रींना सापडला आहे.

दुपारी ज्यासाठी आलो ते मिळालं. आमच्या त्या ॲल्युमिनियमच्या झाकणाचं कारखान्याचं मूळ ड्रॉइंग. मापं इंचात, आटे बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापाचे, प्रत्येक जाडी लिहिलेली. मेस्त्री त्याच्यावर बराच वेळ वाकून होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण ड्रॉइंग वाचता येतं; समोरचा, बाजूचा आणि वरचा देखावा त्यांनी बोटाने एकमेकांना जोडून दाखवला.

इथे एक सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे जुन्या गाड्यांचे अनेक भाग याच कारणाने बिघडतात. जुना तुकडाच साचा म्हणून वाळूत दाबला आणि त्यात धातू ओतला, तर नवा तुकडा जुन्यापेक्षा लहान येतो. धातू निवताना आकसतो: बीड साधारण शंभरात एक, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, करणारा म्हणूनच वाढीव मापाची पट्टी वापरतो, आणि जिथे मशीनवर घासायचं आहे तिथे आणखी माल ठेवतो. त्यात जुना तुकडा गंजून झिजलेला. म्हणजे झीज अधिक आकस, दोन्ही चुका नव्या भागात उतरतात, आणि मग फिटर त्याला पॅकिंग लावून लावून बसवतो. ड्रॉइंग मिळालं की हे सगळं संपतं. मेस्त्रींचं म्हणणं होतं, "माप मिळालं की वस्तू मिळाली." आम्ही प्रत काढून घेतली. त्या प्रतीचे पैसे दिले तेव्हा मला वाटलं, या सबंध खर्चात इतका सार्थकी लागलेला पौंड दुसरा नसेल.

शुक्रवार : डर्बी

सकाळी डर्बी. रॉइसची सुरुवात मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर झाली. 1904 च्या मे महिन्यात तिथल्याच मिडलंड हॉटेलात रोल्स आणि रॉइस भेटले. धंदा वाढल्यावर जागा हवी होती, आणि डर्बीच्या नगरपालिकेने स्वस्त वीज देऊ केली. नाइटिंगेल रोडचा कारखाना 9 जुलै 1908 ला सुरू झाला. आमच्या गाडीची चासिस इथलीच. 1946 पासून मोटारी क्रू या गावी बनू लागल्या आणि डर्बी विमानांच्या इंजिनांचं गाव झालं. आज दर्शनी इमारत जपलेली आहे, मागचा बराचसा कारखाना पाडून घरं झाली. आम्ही समोरच्या फुटपाथवरून पाहिलं, फोटो काढला.

सिल्क मिलमधलं म्युझियम ऑफ मेकिंग मात्र सवडीने बघावं असं. दारातून आत गेलं की डोक्यावर विमानाचं आख्खं ट्रेंट इंजिन टांगलेलं. मेस्त्री त्याच्या पंख्याच्या पात्यांखाली मान वर करून उभे राहिले, ते शाळेची सहल येऊन गेली तरी हलले नाहीत.

दुपारी हेडचं काम. गावाचं नाव देत नाही, कारण ते लोक जाहिरात करत नाहीत आणि त्यांच्याकडे आधीच रांग आहे. 20/25 ची हेडं हा इंग्लंडमध्येही जुना प्रश्न आहे. नव्वद वर्षांत पाण्याच्या वाटा गाळाने बुजतात, तिथलं बीड जास्त तापतं आणि फाटतं. त्यामुळे काही कारखान्यांनी नवे पॅटर्न करून नवी हेडं ओतायला घेतली. आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, आमच्याच हेडावर शिवण: तड्यावर ओळीने भोकं पाडून एकमेकांत गुंतणारे स्क्रू बसवत जायचे, उष्णता अजिबात द्यायची नाही. ही पद्धत चांगली आहे, मी तिचे उत्तम नमुने पाहिले आहेत. पण आमच्या हेडात दोन तडे, त्यातला एक वेल्डिंगमधून गेलेला. आणि वेल्डिंगच्या कडेचं बीड काचेसारखं कडक झालेलं असतं, त्यात ड्रिल चालत नाही. दुसरी वाट, नवं हेड.

मूळ भाग ठेवावा की नवा घालावा यावर जुन्या गाड्यांच्या माणसांत कायम वाद असतो. माझं मत स्पष्ट आहे. गाडी चालली पाहिजे. रॉइसने ती चालण्यासाठी बनवली. ब्लॉक, क्रँक, गिअरबॉक्स, कार्डावर नोंदलेला प्रत्येक नंबर जपू. पण फाटलेलं हेड जपण्यात मूळपण नाही. ते काढलेलं हेड आम्ही गाडीसोबत ठेवणार आहोत, पुढच्या मालकाला इतिहास कळावा म्हणून.

कारखान्याच्या मालकाने आम्हाला पॅटर्न आणि कोअरच्या पेट्या दाखवल्या. पाण्याच्या जाकिटाचा कोअर म्हणजे आतली पोकळी राखणारं वाळूचं नाजूक जाळं. तो साच्यात जरा सरकला तर एका बाजूची भिंत पातळ होते, आणि ते वरून कधीच दिसत नाही. मेस्त्रींनी मला विचारायला सांगितलं: भिंतीची जाडी कशी तपासता, आणि दाबाची चाचणी डोळ्यांसमोर कराल का? त्या माणसाने काही न बोलता तयार हेड उचललं, सगळी भोकं प्लेटा लावून बंद केली, हवा भरली आणि गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं. आम्ही तिघं टाकीभोवती उभे. बुडबुडा आला नाही. जाडी तो अल्ट्रासॉनिकने मोजतो, त्याचा कागद दाखवला. मेस्त्री म्हणाले, "द्या ऑर्डर." रक्कम चार आकडी पौंडांत. हेड विमानाच्या सामानात बसणारं नव्हे. पेटीत भरून जहाजाने न्हावा शेवाला येईल.

निघताना त्या मालकाने मेस्त्रींना विचारलं, क्रँकशाफ्ट साफ केला का. या इंजिनाच्या क्रँकच्या पिना पोकळ आहेत, आणि फिरताना तेलातला गाळ त्यात जाऊन बसतो. बुचं काढून तो खरवडल्याशिवाय नवं बेअरिंग टाकलं तर थोड्याच दिवसांत तेलाची वाट बंद. मेस्त्रींनी मोबाइलमधले फोटो दाखवले: बेअरिंगात फिरणारे सातही मेन जर्नल, उघडलेली बुचं, आणि कागदावर काढून ठेवलेला काळा गाळ. दोघेही बराच वेळ त्या फोटोंवर बोलत होते, मी मधे जेवढं लागेल तेवढंच भाषांतर केलं.

शनिवार : ब्यूलीचं मैदान

पहाटे निघालो. हँपशायरमध्ये न्यू फॉरेस्टच्या आत ब्यूली. रस्त्यात घोडी आणि गाढवं मोकळी हिंडतात, मोटारी थांबून त्यांना वाट देतात. इथे दर सप्टेंबरात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार भरतो, 1967 पासून. मागे नॅशनल मोटर म्युझियम आहे. त्याची सुरुवात 1952 मध्ये एडवर्ड मॉन्टेग्यू यांनी वडिलांच्या आठवणीसाठी केली.

बाजार म्हणजे काय, तर शेतांवर शेतं. गवतावर ताडपत्र्या, टेबलं, ट्रकचे मागचे फाळके. डच, फ्रेंच, जर्मन विक्रेते. कार्बुरेटरांचे ढीग, घड्याळांच्या पेट्या, मुलामा दिलेल्या लोखंडी पाट्या, स्पोकच्या चाकांच्या भिंती. लोक ढकलगाड्या घेऊन फिरतात. रात्री पाऊस पडून गेलेला, चिखल घोट्यापर्यंत. मेस्त्रींनी प्लॅस्टिकच्या पिशव्या चपलांवर बांधल्या आणि कामाला लागले.

पहिले दोन तास काहीही घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. कोल्हापूरच्या जनावरांच्या बाजारात फिरावं तसे ते फिरले: हात मागे, नजर खाली, भाव विचारायचा नाही. मला घाई सुटली होती, कारण चांगला माल सकाळीच उठतो. पण त्या दोन तासांत आम्हाला एक गोष्ट दिसली. या मैदानावरचा बहुतेक माल आमच्या मालाइतकाच जुना आणि तितकाच झिजलेला आहे. 20/25 चं एक हेड होतं, छान रंगवलेलं. मेस्त्रींनी खिशातल्या चुंबकाचा तुकडा त्यावर सरकवत नेला. एका जागी तो सुटला. रंगाखाली पुटी भरलेली. त्यांनी विक्रेत्याला काही सांगितलं नाही, मला खुणेने पुढे नेलं.

मॅग्नेटोचं सांगतो. 20/25 ला प्रज्वलन कॉइलवर असतं, आणि सोबत राखीव मॅग्नेटो. कॉइल वाटेत दगा देईल तर मॅग्नेटो जोडून घरी यायचं, अशी व्यवस्था. सहाचा फायरिंगचा क्रम 1-4-2-6-3-5. आमच्या गाडीत मॅग्नेटोच्या जागी लाकडाचा ठोकळा होता. मैदानावर योग्य बैठकीचा एक मिळाला, हाताने फिरवला तर ठिणगीही चांगली. विक्रेता खूश. मेस्त्री म्हणाले, "गार हाय तवर सगळेच चांगले." जुन्या मॅग्नेटोच्या गुंडाळीवरचं लाखेचं आवरण तापल्यावर मऊ होतं, कंडेन्सर गळायला लागतो, आणि वीस मिनिटांनी ठिणगी नाहीशी. म्हणून तो चालू मॅग्नेटो म्हणून घ्यायचा नाही. पेटी, चुंबक आणि गिअर चांगले आहेत का एवढं बघून घ्यायचा, गुंडाळी नवी करायची हे धरून. त्याप्रमाणे मी भाव केला, आणि विक्रेत्याने तो मान्य केला. त्यालाही ते ठाऊक होतंच.

दिव्याची काच दुपारी मिळाली. आमच्या गाडीला ल्यूकसचे पी 100 दिवे आहेत, परातीएवढे. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या टेबलाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच निघाली. मेस्त्रींनी तिची वक्रता वहीतल्या पुठ्ठ्याच्या नमुन्याला लावून पाहिली. बसली. त्या गृहस्थांनी आमची गाडी कुठली विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर मेस्त्रींनी मोबाइलवर दसऱ्याचा फोटो काढला: दसरा चौकात सीमोल्लंघनाला येणारी छत्रपतींच्या घराण्याची जुनी जर्मन मोटार, मेबॅक. त्या गृहस्थांनी चष्मा बदलून तो फोटो पाहिला, बायकोला बोलावून दाखवला, शेजारच्या टेबलावरच्या जर्मन माणसाला हाक मारली. चार माणसं जमली. युद्धापूर्वीची मेबॅक आजही शहराच्या सणात रस्त्यावर उतरते, संग्रहालयात दोरीमागे उभी नाही, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. मला अभिमान वाटला, आणि तो लपवायचं काही कारण दिसलं नाही.

संध्याकाळी एका डच माणसाशी नळ्यांबद्दल बोलणं झालं. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुनं रबर फुगवतं, बुचाची गास्केटं सुटवतं. 1934 च्या गाडीच्या इंधनाच्या वाटेतलं प्रत्येक रबर बदललंच पाहिजे, आणि गाडी उभी ठेवताना टाकी रिकामी ठेवली पाहिजे. त्याच्याकडून इथेनॉल सोसणारी नळी घेतली, वर कापडाची जुन्या पद्धतीची वीण असलेली. दिसायला मूळ, आतून आजची. असा बदल मला पटतो.

रविवार : पुन्हा मैदान, मग बकलर्स हार्ड

सकाळी राहिलेली बारीकसारीक खरेदी. बीएसएफचे बोल्ट, व्हिटवर्थचे पान्हे. आणि चासिसच्या तेलवाहिन्यांची टोकं. 1934 च्या 20/25 मध्ये पायाने एक पेडल दाबलं की बारीक तांब्याच्या नळ्यांतून चासिसच्या ठिकठिकाणी तेल जातं. बिजूर कंपनीची पद्धत. प्रत्येक टोकाला मोजून तेल सोडणारं छोटं बूच. ही बुचं तुंबतात, आणि साफ करताना आतली सुई वाकली की त्या सांध्याला तेल कमी किंवा जास्त. ती घरी बनवण्यात अर्थ नाही. नवी मिळाली, घेतली.

बोनटवरच्या 'स्पिरिट ऑफ एक्स्टसी'च्या मूर्ती मैदानावर ढिगाने. बहुतेक नकली. खरी मूर्ती मेण गाळून ओतलेली असायची, म्हणून प्रत्येकीच्या चेहऱ्यात आणि वस्त्राच्या चुण्यांत थोडा फरक. पायथ्यावर शिल्पकार चार्ल्स साइक्सचं नाव आणि 6 फेब्रुवारी 1911 ही तारीख. आमची शाबूत आहे, त्यामुळे काही घ्यायचं नव्हतं.

पण त्या मूर्तीसाठी मला बकलर्स हार्डला जायचं होतं. ब्यूली नदीकाठचं हे गाव, दोन ओळी घरं आणि मधे उतरता हिरवा पट्टा. इथे इंग्रज दर्यासारंग नेल्सनचं ॲगामेम्नॉन जहाज बांधलं गेलं. इथल्या छोट्या संग्रहालयात एसएस पर्शिया या जहाजाचं दालन आहे. डर्बीचा कारखाना 1908 मध्ये ज्यांच्या हस्ते सुरू झाला ते जॉन मॉन्टेग्यू ब्यूलीचेच. एलिनॉर थॉर्नटन त्यांची सचिव, आणि साइक्सने मूर्ती घडवली ती तिच्यावरून असं मानलं जातं. 1915 मध्ये मॉन्टेग्यू हिंदुस्थानात मोटार वाहतुकीचे सल्लागार म्हणून निघाले, एलिनॉरही सोबत. 30 डिसेंबरला क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने पर्शिया बुडवली. मॉन्टेग्यू वाचले, एलिनॉर गेली. ती आपल्या देशाकडे येत होती हे मला इथे येईपर्यंत माहीत असूनही जाणवलं नव्हतं. मेस्त्रींना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पोरीचं वय काय होतं?" मी म्हटलं, पस्तीस. ते पुढे काही बोलले नाहीत, पायऱ्यांवर जाऊन नदीकडे तोंड करून बसले.

सोमवार : स्लाव

दिवस बांधाबांधीत गेला. प्रत्येक वस्तूची पावती, वर्णन, किंमत वेगळ्या कागदावर. कस्टममध्ये "जुनं लोखंड" असं मोघम लिहून चालत नाही. काच हातातल्या बॅगेत, भाचीच्या दोन उशांच्या मधे. मॅग्नेटो मोठ्या बॅगेत, चुंबकाला लोखंडी पट्टी लावून, म्हणजे त्याची ताकद उतरू नये.

मेस्त्रींनी सकाळीच झाकणाच्या ड्रॉइंगचा फोटो उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्याला पाठवला होता. दुपारी त्याचा फोन आला. कुठलं ॲल्युमिनियम, आकस किती धरू, मशीनला किती माल ठेवू, पॅटर्न सागवानी करू की शिवणी. पाऊण तास बोलणं चाललं. शेवटी आकस शंभरात सव्वा धरायचं ठरलं, फ्लँजवर तीन मिलिमीटर जास्त. पॅटर्न पंधरा दिवसांत होईल. हेडाची पेटी येईपर्यंत व्हाइट मेटलची बेअरिंगं ओतून घ्यायची, मॅग्नेटोची गुंडाळी पुण्याला पाठवायची, आणि मागच्या खांबातलं सागवान काढून ॲश घालायचं. त्यानंतर आरटीओ. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी करता येते, नंबरात 'व्हीए' येतं, शुल्क वीस हजार. हंट हाऊसच्या कार्डाची प्रत त्या अर्जाला जोडायची आहे.

"ॲश कुठनं आणायचं, दादा?" मेस्त्रींनी फोन ठेवून विचारलं. काश्मीरकडे ॲशच्या लाकडाच्या क्रिकेट स्टंपा बनतात, हे माझ्या मेहुण्याने जेवताना सांगितलं. तिथल्या लाकडाच्या वखारीचा नंबर मिळवायला मी लगेच बसलो.